विसंगत वापर : पाळणाघर

माझ्या हातची रेघ सरळ येते, एवढ्या एका गुणावर मी नगररचना कार्यालयात बावीस वर्षं काढली. ऑफिसात संगणक आले तरी महत्त्वाचा नकाशा साहेब माझ्याच टेबलावर पाठवतात, कारण संगणक मधेमधे प्रश्न विचारतो आणि मी विचारत नाही. मला सगळे रेघमास्तर म्हणतात. पहिल्यांदा म्हणाले तेव्हा मला राग आला होता, पुढे त्याचा अभिमान वाटायला लागला.

गावाच्या टोकाला लष्कराचा हेलिकॉप्टर तळ आहे. तो बांधला तेव्हा आजूबाजूला गवत होतं. मग गवतात घरं आली, घरांमागून दवाखाने आले, आणि मग डोक्यावरून हेलिकॉप्टर जातं अशी तक्रार घेऊन तीच माणसं आमच्या दारात आली. तेव्हा वरून आदेश आला की तळाभोवती आवाज मोजा, नकाशावर पट्टे पाडा, आणि कुठल्या पट्ट्यात काय चालेल नि काय चालणार नाही ते एकदाचं ठरवून टाका. हिरव्या पट्ट्यात सगळं चालेल, पिवळ्यात अटी घालून, तांबड्यात जवळजवळ काहीच नाही.

त्यासाठी आम्ही एक तक्ता केला. डावीकडे सेहेचाळीस प्रकारचे वापर, वर तीन रंग, आणि प्रत्येक चौकोनात एक शब्द: सुसंगत, अटींसह किंवा विसंगत. या तक्त्यावर आम्ही तीन महिने डोकेफोड केली. मासे पाळायचं तळं कुठे टाकायचं यावर दोन बैठका झाल्या, कारण माशांना ऐकू येतं की नाही हे कुणालाच छातीठोकपणे सांगता येईना. दफनभूमी तीनही रंगांत चालेल असं साहेबांनी एका दमात ठरवून टाकलं. "तिथून हरकत येत नाही," ते म्हणाले. गोदाम, शीतगृह, ट्रकतळ हे सगळं तांबड्यात सुसंगत. शाळा, रुग्णालय, पाळणाघर तांबड्यात विसंगत. पाळणाघराच्या चौकोनात तो शब्द मीच लिहिला. लिहिताना हात जराही अडखळला नाही, कारण ते बरोबरच होतं.

आता मोजणीचं सांगतो. आमच्याकडे आवाज मोजायची यंत्रं पाच आणि धड तिपाया चार. हेलिकॉप्टरं तळावरून उठली की उत्तरेकडच्या माळावरून जातात हे शेंबडं पोरही सांगेल, म्हणून चारही तिपाया उत्तरेला उभ्या केल्या, त्यांना नारिंगी कापड गुंडाळलं, शेजारी झेंड्या लावल्या. पाचवं यंत्र दक्षिणेला हवं होतं, पण त्याच्या तिपाईचा पाय मोडलेला. मी म्हटलं, दक्षिणेला माझी ताई राहते, तिच्या गॅलरीच्या कठड्याला बांधून टाकतो. साहेब खूश झाले.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. भाऊजी गेले आणि दोन खोल्यांच्या त्या घरात असा शुकशुकाट पसरला की तिच्याकडे जायला मलाच नको वाटायचं. मग शेजारची एक बाई कारखान्यात लागली आणि स्वतःची तान्ही मुलगी चार दिवसांसाठी म्हणून ताईकडे ठेवून गेली. त्या चार दिवसांची अकरा वर्षं झाली. ताईनं रीतसर परवाना काढला, दारावर पाटी लावली. सध्या तिच्याकडे सात मुलं होती. त्या मुलांवरच ती उभी होती, हे तिनं कधी बोलून दाखवलं नाही आणि मीही तिला कधी म्हटलं नाही, पण आम्हा दोघांना ते पक्कं ठाऊक होतं.

यंत्र बांधायला गेलो तेव्हा ती दुपटी वाळत घालत होती. "माझी दोरी अडवू नकोस," एवढंच म्हणाली. शेवटी दोन दुपट्यांच्या मधे यंत्र बसलं. खालून पाहणाऱ्याला दिसलं नसतं, आणि वरून तर मुळीच नाही.

मोजणी आठ दिवस चालली. तिसऱ्या दिवशी ताईचा फोन आला.

"अरे, या आठवड्यात काय चाललंय? डोक्यावरून सारखी हेलिकॉप्टरं! सकाळपासून नऊ मोजली मी."

"उत्तम," मी म्हटलं.

"उत्तम काय? एरवी नसतं रे असं. वर्षाकाठी एखादं आलं तर आलं."

"एरवी मुलांच्या कालव्यात तुझ्या लक्षात येत नसेल, ताई. यंत्र खोटं बोलत नाही."

ती म्हणाली, "मी बोलते का खोटं?" आणि फोन ठेवला. मला वाटलं, कामात असेल.

उत्तरेच्या चार यंत्रांचे आकडे अगदीच कमी आले. तिथे बसवलेल्या आमच्या माणसानं तर वहीत शेरा मारला होता, 'परिसर शांत, वारा सुखद.' मला जरा नवल वाटलं. पण नवल वाटलं हे काही वहीत लिहायच्या रकान्यात बसत नाही. आकडे टाकले, रेषा ओढल्या. तांबडा पट्टा उत्तरेकडे आक्रसला आणि दक्षिणेकडे पोट सुटल्यासारखा बाहेर आला. त्या पोटाच्या मधोमध ताईची गल्ली.

खरं सांगायचं तर मी तेव्हा थांबायला हवं होतं. पण मला उलटंच सुचलं. मला वाटलं, हीच परीक्षा. बहिणीसाठी रेघ वाकवली तर बावीस वर्षांत कमावलं काय? मी तांबडा रंग भरला, आणि चहाच्या वेळी सहज सांगावं तसं सगळ्यांना सांगितलं की या पट्ट्यात माझ्या सख्ख्या बहिणीचं घर येतं. सगळे चाट पडले. "याला म्हणतात निःपक्षपाती," असं एकजण म्हणाला. साहेबांनी खांद्यावर हात ठेवला. दोन दिवस मी हवेत होतो. हे आता लिहिताना माझी मलाच लाज वाटते, पण तेव्हा छान वाटत होतं हे खोटं कसं सांगू?

आराखडा मंजूर झाला. दक्षिणेच्या गल्ल्यांना नोटिसा गेल्या. राहत्या घरांना मुभा होती, पण विसंगत वापर नव्वद दिवसांत बंद करायचे होते. ताईच्या नोटिशीखाली 'नकाशा तयार करणार' म्हणून माझी सही.

ताई ऑफिसात आली नाही, रडली नाही, भांडलीही नाही. मी कसनुसा होऊन तिच्या घरी गेलो, तर तिनं माझ्यापुढे चहा ठेवला आणि म्हणाली, "एक दिवस इथे येऊन बस. यंत्र आणू नकोस. स्वतःचे कान आण."

पुढच्या सोमवारी रजा टाकून मी सकाळी आठला तिच्या गॅलरीत खुर्ची टाकली. संध्याकाळी सहापर्यंत बसलो. त्या वेळात एका पोरानं माझ्या बुटांत चमचे भरले, एकीनं माझ्या मांडीवर झोप काढली, आणि डोक्यावरून कावळ्यांशिवाय काहीही गेलं नाही. हेलिकॉप्टरं उठत होती, एकामागून एक, पण सगळी दूर उत्तरेकडे. इथपर्यंत त्यांची नुसती घरघर येत होती. शेजारच्या गिरणीचा आवाज त्याहून मोठा होता.

दुसऱ्या दिवशी मी तळावर गेलो. तिथल्या कॅप्टनसाहेबांनी मला आदरानं बसवलं, वही मागवली आणि मोजणीच्या आठवड्याचं पान माझ्यासमोर धरलं.

"त्या आठवड्यात आम्ही मार्ग बदलला होता," ते म्हणाले.

"का?"

"तुमची यंत्रं होती ना माळावर! आमच्याकडे नियम आहे, जमिनीवर मोजणीचं साहित्य आणि माणसं दिसली की त्यांच्यावरून जायचं नाही. पंख्याच्या वाऱ्यानं तिपाया उडतात. तुमच्या कामात आमचा व्यत्यय नको, म्हणून आठही दिवस आम्ही हेलिकॉप्टरं दक्षिणेकडून काढली." मग म्हणाले, "मोजणी नीट झाली ना?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? आवाज मोजणाऱ्यांना आवाजाचा त्रास होऊ नये म्हणून इतकी काळजी घेणारं खातं मी आजवर पाहिलं नव्हतं. त्या पानाची नक्कल मात्र मागून घेतली. घरी येताना माझे पाय जमिनीवर नव्हते. चूक सापडली होती, आणि तीही कागदावर. आता ताईच्या पाळणाघराला कोण हात लावतो ते बघू, असं मी चक्क बसमध्ये मोठ्यानं बोललो.

हरकतींची सुनावणी आठवड्यावर आली होती. मी ताईला फोन करून म्हटलं, "घाबरू नकोस. मी उभा राहणार आहे. सगळं सांगणार आहे."

"तू काही बोलू नकोस," ती म्हणाली. "माझं मी बघते."

"अगं, माझ्या नोकरीची काळजी करू नकोस."

"नोकरीचं नाही रे. तू बोलू नकोस म्हणजे नकोस."

थोरली बहीण ती थोरलीच, स्वतःचं जातंय तरी धाकट्याला सांभाळतेय. तिचं ऐकायचं नाही असं मी तिथल्या तिथे ठरवलं.

सुनावणी कार्यालयाच्या मोठ्या खोलीत झाली. माईक सारखा शिट्टी मारत होता, म्हणून आवाजाच्या आराखड्यावरची ती सुनावणी आम्हाला माईक बंद करून, ओरडून घ्यावी लागली. ताई हरकतदार क्रमांक नऊ. तिच्याशेजारी तिच्याकडच्या एका बाळाची आई बसली होती, बसची कंडक्टर, गणवेशातच आलेली.

ताईचा नंबर आला. ती उठली आणि शांतपणे म्हणाली, "माझी हरकत लिहून दिली आहे. एवढीच नोंद घ्या की आमच्याकडे हेलिकॉप्टर येत नाही. बाकी तुम्ही म्हणाल तसं."

"नोंद घेतली," साहेब म्हणाले. "पण मोजणी वेगळं सांगते."

तिनं मान हलवली आणि ती बसायला लागली. तेवढ्यात मी उभा राहिलो.

मी सगळं सांगितलं. तिपायांचं, झेंड्यांचं, दुपट्यांचं. वहीच्या पानाची नक्कल टेबलावर ठेवली. नकाशा चुकला आहे आणि ही चूक माझी आहे, असं मी बावीस वर्षांत पहिल्यांदा म्हणालो. बोलून झाल्यावर ताईच्या गल्लीवर तांबडा रंग भरल्याची मला कानशिलापर्यंत लाज वाटली. ताईकडे पाहिलं. तिनं डोळे मिटून घेतले होते. मला वाटलं, तिला भरून आलंय.

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. माझ्या कबुलीचं त्यांना काही नव्हतं, त्यांना भलतीच चिंता लागली होती. "उत्तरेचा माळ आपण हिरवा दाखवलाय," ते म्हणाले. "तिथे शाळा मंजूर झाली. चारशे मुलांची. पाया भरून झालाय."

आता सगळेच एकमेकांची तोंडं बघायला लागले. नकाशा दुरुस्त करायचा तर शाळा तांबड्यात जाणार. पुन्हा मोजणी करायची तर दोन वर्षं. कुणीतरी म्हणालं, शाळेचा वर्ग बदलून तिला गोदाम म्हणता येईल का? कुणीतरी तक्ताच बदला म्हणालं.

कॅप्टनसाहेब साक्षीला आले होते. त्यांनी अदबीनं नकाशा मागितला. बोटानं पट्टे नीट पाहिले.

"म्हणजे आम्ही जातो तिथे शाळा येतेय," ते म्हणाले, "आणि आम्ही जात नाही तिथे तुम्ही गोदामं ठेवली आहेत."

"गोदामं अजून नाहीत," साहेब म्हणाले.

"पण होतील."

"हो. होतील तर."

"मग सोपं आहे. चारशे मुलांवरून उडण्यापेक्षा आम्ही गोदामांवरून उडू. मार्ग आमच्याच हातात आहे. तो आठवडाभर वापरून पाहिला आहे, काही अडचण आली नाही." आणि मग माझ्याकडे वळून अगदी मनापासून म्हणाले, "तुम्ही वेळेवर सांगितलंत. नाहीतर आम्हाला कळलंच नसतं."

कार्यालयातल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी टाळ्या वाजवल्या. वाईट काय होतं त्यात? चारशे मुलांचं भलं होत होतं. विरुद्ध बोलायला मी तोंड उघडलं, पण काय बोलावं हे सुचेना, कारण कॅप्टनसाहेबांचं एकही वाक्य चूक नव्हतं. इतिवृत्तात नोंद झाली: उड्डाणमार्ग मंजूर आराखड्याशी सुसंगत करण्यात येईल, हरकत क्रमांक नऊ निकाली. साहेब जाताना माझ्या कानाशी म्हणाले, "वाचवलंस."

जिन्यात ताई थांबली होती. कंडक्टरबाई दोन पायऱ्या खाली उभी राहून चपलेचा पट्टा लावत होती, म्हणजे लावल्यासारखं करत होती.

"मी तुला बोलू नकोस म्हटलं होतं," ताई म्हणाली.

"मला वाटलं, माझी नोकरी..."

"तुझी नोकरी कशाला जातेय! अरे, माझ्याविरुद्ध नुसता एक कागद होता. मी पाटी काढून आत ठेवणार होते. पाटी नसली म्हणून काय, माझ्याकडे यायचं कसं ते या बायकांना माहीत आहे. सात मुलं शेजारणीची म्हणून खेळली असती माझ्याकडे. दोन-चार वर्षांनी तुमचा कागद बदलला असता. नेहमीच बदलतो." ती कठड्याला टेकली. "डोक्यावर तर काही नव्हतं ना! आता तू ते आणलंस."

मी म्हटलं, "मी खरं सांगितलं, ताई."

"हो," ती म्हणाली. "त्यांना कागद खरा करायचा मार्ग तूच दाखवलास."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. कंडक्टरबाई वर न बघता म्हणाली, "चला ताई, पोरांची वेळ झाली." दोघी उतरून गेल्या आणि मी बराच वेळ त्या जिन्यात उभा होतो. येणारे-जाणारे माझं अभिनंदन करत होते.

नवा मार्ग पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी सुरू झाला. लष्कर वेळेचं पक्कं. त्या दिवशी मी पुन्हा रजा टाकली आणि सकाळीच ताईकडे गेलो. तिनं खिडक्यांच्या फटींत चिंध्या कोंबल्या होत्या, पाळणा आतल्या खोलीत ओढला होता. "बघू या," म्हणाली. "सवय होतेही." ती मला म्हणत होती की स्वतःला, कळलं नाही.

पहिलं आलं पावणेअकराला. आधी मांडणीतले पेले किणकिणायला लागले. मग खोलीत त्या आवाजाशिवाय काही उरलंच नाही. तीन मोठी पोरं आनंदानं गॅलरीत धावली आणि हात हलवायला लागली. त्यांना तर वाटलं आपल्यालाच भेटायला आलंय. दोघं ताईच्या साडीत शिरली. एक मुलगी होती तिथेच मटकन बसली. आणि पाळण्यात कंडक्टरबाईचं नऊ महिन्यांचं बाळ झोपलं होतं, ते दचकून जागं झालं. त्याचं तोंड उघडलेलं दिसत होतं, चेहरा लालबुंद झाला होता, मुठी थरथरत होत्या, पण त्याचं रडणं ऐकूच येत नव्हतं.

मी त्याला उचललं आणि त्याचे कान दोन्ही तळव्यांनी दाबून धरले. हा आवाज किती डेसिबलचा हे मला पाठ होतं, मीच तो नकाशावर लिहिला होता. तेवढ्या आवाजाला माझे तळवे पुरत नव्हते. पलीकडे ताई खाली बसली होती, एक हात एकाच्या कानावर, दुसरा दुसरीच्या, आणि मटकन बसलेल्या मुलीकडे बघून काहीतरी मोठ्यानं ओरडत होती. ओठ हलताना दिसले, एवढंच.

ते गेलं. चार मिनिटांनी दुसरं आलं, तेही गेलं. मग बराच वेळ काही आलं नाही.

"तू मघाशी काय म्हणत होतीस?" मी विचारलं.

"तिला म्हणत होते, घाबरू नकोस, मी आहे इथे." ताई उठली. तिनं सगळ्या मुलांवरून एकदा नजर फिरवली. "मला माझंच ऐकू आलं नाही, तिला काय येणार? नाही रे. ही सवय व्हायची गोष्ट नव्हे. व्हायलाही नको."

तिनं टेबलावरची नंबरांची वही घेतली आणि एकेका आईला फोन लावायला सुरुवात केली. प्रत्येकीला तेच सांगत होती, उद्यापासून नाही, आज संध्याकाळी लवकर या, एकीला वर हेही, की त्याची औषधाची बाटली माझ्याकडे राहिली आहे ती न्या. सातही फोन तिनं एका सुरात केले. शेवटचा कंडक्टरबाईला होता. तो ठेवल्यावर ती काही वेळ वहीचं पान नुसतं बोटानं सारखं करत बसली. तिला जवळ घ्यावं असं मला फार वाटलं, पण माझ्या हातांत बाळ होतं.

मग तिचं माझ्याकडे लक्ष गेलं. बाळ केव्हाच शांत होऊन माझ्या शर्टाचं बटण चोखत होतं. खोलीतही शांत होतं. माझे तळवे मात्र अजून त्याच्या कानांवर तसेच घट्ट होते.

"सोड आता," ताई म्हणाली. "गेलं ते."